दगडावर ताप कोण कोरतं

नाना, तुमच्या दहाव्याच्या फ्लेक्सवर तुमच्या हातात बंदूक आहे.

चेहरा तुमचाच आहे, बँकेच्या पासबुकावरचा. गळ्याखाली कोणातरी कमांडोचं धड आहे, मागे बर्फाचे डोंगर आहेत आणि वरून तीन विमानं चालली आहेत. खाली लाल अक्षरांत लिहिलंय, 'रणांगण गाजवणारे वीर सुपुत्र'. तुम्ही चोवीस वर्षं लष्कराच्या कचेरीत टेबलामागे बसलात. बंदूक चालवलीत ती ट्रेनिंगमध्ये, आणि तेव्हाही गोळी, तुम्हीच सांगायचात, निशाण सोडून शेजारच्या बाभळीला लागली. निमगाव सावाच्या चौकात आता तुम्ही बाभळीला सोडून साऱ्या जगावर नेम धरून उभे आहात.

नदीकाठी पिंड ठेवला होता. कावळा काही येईना. समोरच्या लिंबावर बसून मान वाकडी करून बघत राहिला. मला वाटलं, तो फ्लेक्स वाचतोय. तोवर माइकवर भाषणं चालूच होती. एकानं तुम्हाला दोन युद्धं लढायला लावली, दुसऱ्यानं तीन. तिसरा म्हणाला, नानांच्या अंगात शेवटपर्यंत एक गोळी होती. नानी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या पदर तोंडाला लावून पुटपुटल्या, "बीपीची आसंल."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "इच्छा राहिलीय काहीतरी म्हाताऱ्याची. कोण हाय त्याचं, उठा, शबूद द्या."

ती इच्छा कोणती, हे त्या घाटावर मला माहीत होतं आणि मी खाली बघत बसले होते.

तुम्ही गावाला माहीत होतात ते 'कागदवाले नाना' म्हणून. ज्याच्या घरातलं कोणी कधीकाळी पलटणीत गेलं होतं तो तुमच्या ओट्यावर यायचा. आजा म्हणे बसऱ्याला गेला होता. पणजा म्हणे साहेबाच्या घोड्यापुढं चालायचा. तुम्ही ऐकून घ्यायचात, चहा पाजायचात आणि मग तीन प्रश्न विचारायचात. कोणी सांगितलं? कुठं लिहिलंय? आणि जिथं लिहिलंय ते मूळ आहे की उतारा? तिसऱ्या प्रश्नाला लोक चिडायचे. "नाना, छापील पुस्तकात आलंय की." त्यावर तुमचं उत्तर ठरलेलं. "छापणाऱ्यानं कशावरनं छापलं, त्ये इचारलंस का?"

मी छापखानेवाल्याची मुलगी. आम्ही तुमच्याच गावचे, पण अण्णांचा छापखाना आळेफाट्याला, गॅरेजांच्या रांगेत. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला ट्रकचे पाटे ठोकणारा, आणि मधे आम्ही. लग्नपत्रिकांवर पोट आणि पत्रकांवर जीव. पाण्याचं आंदोलन, कांद्याचा भाव, आदिवासींच्या जमिनी, एसटीचा संप, सगळ्यांची पत्रकं अण्णांनी छापली. मी अक्षरं जोडायला शिकले ती त्या ओल्या पत्रकांवर. शाळेत इतर मुली कविता म्हणायच्या, मी 'जाहीर निषेध' म्हणायचे. छापलेल्या अक्षरावर माझा देवासारखा विश्वास होता. तुम्ही पहिल्यांदा छापखान्यात आलात, माझ्या हातातलं ताजं पत्रक घेतलंत, नाकाशी नेऊन शाईचा वास घेतलात आणि म्हणालात, "वास झ्याक हाय. खरं किती हाय?" त्या दिवसापासून तुम्ही मला आवडत नव्हतात आणि त्या दिवसापासून मी तुमच्या मागे हिंडायला लागले.

लोणी गावची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. मंचरला गाडी बदलून आपण गेलो होतो. त्या घरात पहिल्या महायुद्धातलं पदक होतं. दर दसऱ्याला शस्त्रांच्या आणि अवजारांच्या शेजारी ते पाटावर मांडायचे, आणि मांडण्याआधी चिंचेनं घासायचे. पणतसून ते तबकात घेऊन बाहेर आली. लखलखत होतं. तुम्ही भिंग काढलंत, पदक उभं धरून कडेवर बघत राहिलात. बराच वेळ. मला कळेना, समोरचं चित्र सोडून हा माणूस कडा काय बघतोय. मग तुम्ही सांगितलंत, शिपायाचं नाव आणि नंबर कडेवर कोरलेला असतो. नंबर मिळाला की मूळ वहीतली नोंद मिळते. त्या पदकाच्या कडेवर काहीच नव्हतं. शंभर दसऱ्यांनी ते पुसून नेलं होतं.

घरातला म्हातारा म्हणाला, "आमी लई मनोभावे करतो, साहेब. एक वरीस चुकलं न्हाई."

तुम्ही पदक दोन्ही हातांनी परत दिलंत. "पूजा करा, पावणं," तुम्ही म्हणालात, "पण घासू नका."

तो म्हातारा रडला. तुम्ही त्याला ओरडला नाहीत, शिकवलं नाहीत. शेजारी बसून त्याच्या आज्याचं नाव, आज्याच्या बापाचं नाव, आईचं नाव, वाडीचं नाव वहीत उतरवून घेतलंत, कारण कडा गेली तरी इतर वाटा असतात. गावची जन्ममृत्यूची जुनी नोंद असते, जिला तुम्ही कोतवाल बुक म्हणायचात आणि जिच्यातली मोडी लिपी घडाघड वाचायचात.

परतीच्या गाडीत मी तुम्हाला विचारलं, तुम्हाला एवढं काय पडलंय? तुमचं कोणी त्यात नाही.

तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मग सांगितलंत. नोकरीला लागून दुसरंच वर्ष होतं. सरहद्दीवर चकमक झाली होती, घरोघर तारा पाठवायचं काम तुमच्याकडे होतं. एकाच तुकडीत एकाच नावाचे दोन जवान होते, बापाचं नावही एकच, गावं वेगळी. तुम्ही टाइप केलेली यादी पाहिलीत आणि तार धाडलीत. ती जिवंत माणसाच्या घरी गेली. त्याच्या बायकोनं कुंकू पुसलं. आठ दिवसांनी तो रजेवर दारात येऊन उभा राहिला. आणि ज्या घरचा खरोखर गेला होता ते घर आठ दिवस त्याच्या पत्राची वाट बघत बसलं.

"मूळ वही दहा पावलांवरच्या कपाटात व्हती, पोरी," तुम्ही म्हणालात. "मी उठलो न्हाई."



हे सगळं माहीत असून मी तुम्हाला ते बोलले. त्याकडे येतेच आहे. त्याआधी माझा गुन्हा सांगते, कारण तो छापील आहे.

माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ धोंडीबा त्याच पहिल्या महायुद्धात पलटणीत गेला आणि परत आला नाही. घरात एवढंच माहीत होतं. आजी कधीतरी म्हणायची, साहेबाचं ऐकलं नाही म्हणे त्यानं. तालुक्याच्या एका जुन्या छापील यादीत त्याचं नाव होतं, पुढे एकच शब्द, 'मयत'. त्या 'म्हणे'वर आणि त्या 'मयत'वर मी एक पत्रक उभं केलं. 'बंदूक खाली ठेवणारा धोंडीबा'. तिकडे इराकात, बसऱ्याच्या वाळूत, गोरा साहेब त्याला सांगतो, समोरच्या गरिबावर गोळी झाड. धोंडीबा बंदूक खाली ठेवतो. साहेब त्याला तिथंच गोळी घालतो. गुलाबी कागद, ठळक ठसा, हजार प्रती. मी आळेफाट्याच्या स्टँडवर उभी राहून नाशिकच्या आणि नगरच्या गाड्यांत ती वाटली. वाळू माझी होती, नाना. बंदूक खाली ठेवणं माझं होतं. गोळीही मीच घातली.

मग गावानं शिपायांच्या नावांचा दगड उभारायचं ठरवलं. भाऊसाहेब समितीचे अध्यक्ष. प्रत्येक नावाखाली एक ओळ. धोंडीबाची ओळ त्यांनी वाचून दाखवली, 'शत्रूशी लढताना छातीवर गोळी झेलून वीरमरण'. मी उसळले. शत्रू कुठला, त्याला साहेबानं मारलं, माझ्या पत्रकात स्पष्ट आहे. भाऊसाहेब हसले. "ताई, तुझ्याच पत्रकावरनं घेतलंय. गोळी तुझी, छाती आमची. दगडावर साहेब कशाला?"

मी तुमच्याकडे धावत आले ती भाऊसाहेबांची तक्रार घेऊन. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "आन तू कशावरनं लिव्हलंस?"

तुम्ही दोन महिने खपलात. तुमच्या जुन्या ओळखीतून एका लष्करी कचेरीतल्या मूळ वहीपर्यंत पोचलात. गुडघे दुखत असताना चार रिकाम्या खेपा घातल्यात. पाचव्या खेपेनंतर मला आळेफाट्याच्या आपल्या नेहमीच्या हॉटेलात बोलावलंत. दोन मिसळी मागवल्यात, माझी जास्त कटाची. खाऊ दिलंत. मग पाकिटातून एक झेरॉक्स काढून टेबल पुसून ठेवलीत.

"बसऱ्याला गेला न्हाई त्यो," तुम्ही म्हणालात. "जहाजात बी चढला न्हाई. मुंबईतच ग्येला. तापानं."

मला आठवतं, मी कागदाकडे बघितलंही नाही. मी म्हणाले, हा दुसराच कोणी असेल. तुम्ही म्हणालात, आईचं नाव भागू आहे, गाव आणि तालुका जुळतो, कोतवाल बुकातही भागू सापडली, धोंडीबाची आई. मी म्हणाले, साहेबांच्या वहीत साहेब खरं लिहील का? गोळी घालून ताप लिहिला असेल. तुम्ही म्हणालात, "आसंल. आसं घडतं. पण मग त्याचा कागद आण. माझ्याकडं ह्यो हाय. तुझ्याकडं काय हाय?"

माझ्याकडे गुलाबी पत्रक होतं. आणि माझ्याकडे राग होता.

मी म्हणाले, "तुम्ही आयुष्यभर कारकुनी केलीत, तुम्हाला माणूस दिसतच नाही, रकाना दिसतो." तुम्ही झेरॉक्स माझ्याकडे आणखी सरकवलीत. ते मला सहन झालं नाही, म्हणून मी ते बोलले. "दहा पावलं तुम्ही उठला नाहीत. त्याची फेड माझ्या धोंडीबाकडून का करून घेताय?"

शेजारच्या टेबलावरच्या ट्रकवाल्यांनीही चमचे थांबवले. तुम्ही झेरॉक्सची घडी केलीत, पाकिटात घातलीत, पाकीट मिसळीच्या ताटापासून दूर, कोरड्या जागी सरकवलंत. "कागूद राग धरत न्हाई," तुम्ही म्हणालात. "वाटंल तवा वाच." आणि बेल्ह्याकडच्या गाडीला निघून गेलात. तुमची मिसळ तशीच होती. पाव तुम्ही मोडलाही नव्हता.

पाकीट मी छापखान्यात कागदांच्या रिमांखाली टाकलं. महिनाभर तुमच्या घरावरून जायचं टाळलं. अण्णा म्हणायचे, जाऊन ये. मी म्हणायचे, दगड होऊ दे, मग जाईन. आणि एका सकाळी तुम्ही देवपूजेची फुलं काढताना पडलात ते गेलातच. नानी सांगतात, टोपलीतलं एकही फूल सांडलं नाही.

तुम्हाला पोचवून आल्यावर मी पाकीट उघडलं.

वहीचं पान इंग्रजीत आहे, वळणदार अक्षर. प्रत्येक शब्दाखाली तुम्ही पेन्सिलीनं मराठी लिहिलंय, माझ्यासाठी. नाव. बापाचं नाव. जवळचे नातेवाईक: आई, भागू. भरती आणि मृत्यू यांच्यात पुरता महिनाही नाही. ठिकाण: मुंबई, लष्करी इस्पितळ. कारण: ताप. मग शेवटचा रकाना, जो छापील यादीत कोणी घेतलाच नाही. सामान. घोंगडी एक, जाळली. तांब्या पितळी एक, घरी पाठवला.

मी तो रकाना किती वेळा वाचला ते मलाच ठाऊक. इथल्या कोणातरी आईनं पोराला निघताना घोंगडी आणि तांब्या दिला होता. त्यानं समुद्रही नीट पाहिला नसेल. आपली भाषा न बोलणाऱ्यांच्या खाटांमधे तो तापानं फणफणत पडला, आणि ज्यांनी त्याला नेलं त्यांनी त्याला एका ओळीत संपवून पुढचं नाव लिहायला घेतलं. नाना, माझ्या पत्रकात साहेबाला निदान गोळी झाडायची तसदी घ्यावी लागली होती. खऱ्या कागदात त्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मी आजवर साम्राज्याविरुद्ध लिहिलेलं सगळं एका बाजूला ठेवा आणि 'घोंगडी एक, जाळली' दुसऱ्या बाजूला. माझं सगळं हलकं भरतं. आणि हा कागद तुम्ही माझ्यासमोर ठेवला होतात तेव्हा मी तुम्हाला कारकून म्हणून हिणवलं.

आमच्या स्वयंपाकघरात एक जुना पितळी तांब्या आहे. लहानपणापासून मी त्यातून पाणी पिते. तो तोच असेल असं मी कुठंही लिहिणार नाही. माझ्याकडे कागद नाही.

तर त्या दहाव्याला, कावळा लिंबावर आणि माणसं खाली ताटकळलेली असताना, मी उठले. मी हे असलं काही मानत नाही, तुम्हीही फारसं मानत नव्हतात. पण शब्द द्यायचा तर चारचौघांत द्यावा. मी पिंडासमोर जाऊन मोठ्यानं म्हणाले, "नाना, दगडावर धोंडीबाचं खरं लिहून घेईन. तापाचं." भाऊसाहेब पहिल्या रांगेत होते. थोड्या वेळानं कावळा उतरला. बायका म्हणाल्या, बघा, ऐकलं म्हाताऱ्यानं. मी त्यांना सांगितलं, त्याला भूक लागली असेल, माझ्या बोलण्याचा संबंध आहे याला पुरावा नाही. नानींना तेवढ्यात हसू आलं. तुम्हीच बोलल्यासारखं वाटलं, म्हणाल्या.

समितीची बैठक ग्रामपंचायतीत झाली. पाथरवट दगडावर गेरूनं अक्षरं आखून बसला होता, छिन्नी अजून लावली नव्हती. मी झेरॉक्स सगळ्यांपुढे फिरवली.

भाऊसाहेब म्हणाले, "अगं, तुझ्याच घरातला मानूस. लोक वीर व्हायला पैसं मोजत्यात, तू फुकट मिळालेलं वीरपण परत करतीस?"

"ते मीच छापलं होतं, भाऊसाहेब. चुकीचं छापलं होतं."

"दगडावर ताप कोण कोरतं? गावाची शोभा व्हईल. शेजारच्या नावाखाली वीरमरण आन ह्याच्या खाली ताप. उद्या खोकला बी लिव्हायचा का?"

लोक हसले. मीही हसले असते, इतर कोणाचं असतं तर. मी म्हणाले, "ज्याला खोकला झाला त्याच्याखाली खोकला लिहा. गेला तो पलटणीत असताना गेला. लाज त्याला नाही वाटत, तुम्हाला वाटतेय."

मग अण्णा उठले. अण्णा सभेत कधी बोलत नाहीत, आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची भाषणं छापली. ते म्हणाले, "आमच्या घरचा हाय त्यो. आमी लेखी देतो. ताप लिव्हा."

भाऊसाहेबांचा आवाज चढला. "मग नाव काढू त्याचं. लढाईत मेलेल्यांचा दगड हाय ह्यो. त्यो लढलाच न्हाई."

 अण्णांनी माझ्याकडे बघितलं. शंभर वर्षांनी धोंडीबा गावात परत आला होता, दगडावर का होईना, आणि माझ्या हट्टापायी पुन्हा जाणार होता. खरं सांगते नाना, त्या क्षणी मला वाटलं, असू दे वीरमरण. नाव तर राहील.

तेवढ्यात समोर टेबलावरची प्रोसिडिंगची वही दिसली. आणि तुम्ही आठवलात.

"काढा," मी म्हणाले. "पण ठराव लिहा. आत्ता, या वहीत. 'पलटणीत असताना तापानं मेल्यामुळे धोंडीबाचं नाव दगडावरून वगळण्यात येत आहे.' सूचक तुम्ही. अनुमोदक कोण ते सांगा. खाली सगळ्यांच्या सह्या. पन्नास वर्षांनी कोणी मूळ कागद बघायला आलं तर त्याला सापडला पाहिजे."

ग्रामसेवकानं पेनाचं टोपण काढलं. भाऊसाहेबांनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. अनुमोदक कोणी होईना. मागच्या बाकावर एक निवृत्त जवान बसले होते, तुमच्याकडे पत्ते कुटायला यायचे तेच. ते म्हणाले, "लिव्हा की, भाऊसाहेब. आमी पलटणीत तापलो व्हतो तवा कुणी इचारलं व्हतं, लढतूस का तापतूस? दोन्ही खाटा एकाच इस्पितळात असत्यात."

टोपण परत पेनावर बसलं. कोणी काही ठरवलं नाही, म्हणजेच ठरलं, ताप लिहायचा. दुसऱ्या दिवशी मी पाथरवटाशेजारी उकिडवी बसले. एका हातात तुमची झेरॉक्स, समोर गेरूची अक्षरं. मी प्रूफ तपासलं ते वहीवरून, आठवणीवरून नाही, पत्रकावरून तर नाहीच. 'धोंडीबा. आई भागू. पलटणीत असताना मुंबईच्या लष्करी इस्पितळात तापाने मृत्यू.' पाथरवटानं विचारलं, शेवटी एखादं फूलबिल काढू का? मी म्हणाले, नको.

संध्याकाळी नानींकडे गेले. तुमचं लष्करातून सुटतानाचं डिस्चार्ज बुक मागितलं. त्यांनी ट्रंकेतून काढून दिलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबर. मी पहिल्या पानापासून वाचलं. हुद्दा हवालदार. काम क्लार्क. युद्धाच्या रकान्यात आडवी रेघ. वर्तन: अनुकरणीय. मागच्या कव्हरात एक चिठ्ठी होती, तुमच्या अक्षरातली, दोन गावांची नावं आणि माणसाचं एकच नाव दोनदा. त्या तारेची. तुम्ही ती इतकी वर्षं जवळ ठेवली होतीत.

मी नानींना सांगितलं, मी हॉटेलात काय बोलले ते. सगळं, शब्दाला शब्द. मला वाटलं, त्या उठायला सांगतील.

"म्हाईत हाय," नानी म्हणाल्या. "घरी आल्याव सांगितलं त्यांनी. मी म्हनलं, पोरगी लई त्वांडाची हाय. तर म्हनले, बोलली त्ये बरुबर बोलली. मी उठलो न्हवतो. पन म्हनले, ती उठंल."

नाना, तुम्ही हे मला सांगायला हवं होतंत. मी तुमच्याकडे यायला हवं होतं. दोघांनीही उशीर केला, आणि त्यातला माझा मोठा आहे. माफी मागण्याची माझी एकच रीत आहे, ती छापखान्यातली. नवं पत्रक काढलंय. तोच गुलाबी कागद, तोच ठसा, तेवढ्याच हजार प्रती. मथळा, 'आमचं पत्रक चुकलं होतं'. खाली धोंडीबाची नोंद, सामानाच्या रकान्यासकट. आणि त्याखाली तुमचे तीन प्रश्न. मी त्याच स्टँडवर उभी राहून त्याच गाड्यांत ती वाटली. एक कंडक्टर म्हणाला, मागच्या वेळचं जास्त भारी होतं. मी म्हणाले, हो, खोटं होतं ना.

राहिला तुमचा फ्लेक्स. काल शिडी लावून मी त्या बंदुकीवर कागद चिकटवला. वर लिहिलं, 'हवालदार क्लार्क'. खाली बारीक अक्षरांत, 'मूळ कागद पाहिला आहे'. आज सकाळी बघते तर कोणीतरी तो फाडलेला. मी दुसरा चिकटवला आणि खाली येऊन चौकातच चहा घेतला, सगळ्यांना दिसेन अशी. तोही फाडतील.

फाडू देत. छापखाना आपला आहे.